बंद दारामागची प्रयोगशाळा

बाहेर वादळ घोंगावतंय. डोंगरावरच्या एका पडक्या बुरुजात हेन्री फ्रँकेन्स्टाइन नावाचा तरुण संशोधक आपल्या यंत्रांवरून शेवटचा हात फिरवतोय. एवढ्यात दारावर थापा पडतात. त्याची वाग्दत्त वधू एलिझाबेथ, मित्र व्हिक्टर आणि जुने प्राध्यापक वाल्डमन पावसात भिजत उभे आहेत. तो त्यांना आल्या पावली परत पाठवू बघतो. पण मित्र त्याला वेड लागल्याचं बोलून जातो आणि हेन्री इरेला पेटतो. तिघांना वर नेतो, खुर्च्यांवर बसवतो आणि कामाला लागतो. साखळ्या करकरतात. कापडाखाली झाकलेला देह घेऊन टेबल छतातल्या उघड्या झरोक्याकडे चढतं. वर वीज कडाडते, टेबल पुन्हा खाली येतं. बाहेर लोंबणारा एक हात हळूच हलतो.

युनिव्हर्सल स्टुडिओच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (1931) या चित्रपटातला हा प्रसंग. दिग्दर्शक जेम्स व्हेल, संशोधकाच्या भूमिकेत कॉलिन क्लाइव्ह आणि टेबलावर बोरिस कार्लॉफ. जेमतेम 70 मिनिटांचा हा चित्रपट बघून आज कोणी किंचाळणार नाही. रक्तपात जवळजवळ नाही, आणि पार्श्वभूमीचं आकाश रंगवलेलं आहे हे लहान मूलही ओळखेल. तरीही हा आणि त्याच्या भावकीतले चित्रपट, म्हणजे साधारण 1920 ते 1960 या काळातले माथेफिरू शास्त्रज्ञांचे भयपट, आजही जगभर आवडीने बघितले जातात. त्यांचं बळ मला त्या दारात दिसतं. यातल्या बहुतेक चित्रपटांत एक बंद प्रयोगशाळा असते आणि बाहेर काळजीने दार ठोठावणारी माणसं असतात. प्रेक्षकाला मात्र आत मुक्त प्रवेश असतो. नवं ज्ञान जन्माला येताना बघायचा थरार आपल्याला मिळतो, आणि ते ज्ञान चार लोकांपासून लपवलं की काय होतं तेही आपल्यासमोरच घडतं.

उन्हाळा हरवलेलं वर्ष

1815 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून उसळलेल्या राखेने आणि वायूंनी आकाश झाकोळलं आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. 1816 च्या त्या पावसाळी दिवसांत जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदाती या बंगल्यात काही तरुण मंडळी जमत होती: कवी बायरन, कवी शेली, डॉक्टर पोलिडोरी आणि 18 वर्षांची मेरी. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असं बायरनने सुचवलं. मेरीने लिहायला घेतली ती विज्ञानाच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. 1818 च्या जानेवारीत ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नावही नव्हतं.

मेरी शेलीची कल्पना हवेतून आलेली नव्हती. इटलीत लुइजी गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने झटके घेतात हे दाखवून दिलं होतं. त्याचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने 1803 मध्ये लंडनमध्ये, फाशी दिलेल्या एका खुन्याच्या प्रेताला विजेच्या तारा लावल्या. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला. जिवंत आणि मृत यांच्यामधली रेघ नेमकी कुठे आहे, हा त्या काळातल्या विद्वानांचा खरोखरीचा प्रश्न होता.

कादंबरीत मात्र निर्जीव देहात प्राण येण्याचा क्षण मोजक्या ओळींत उरकतो. यंत्रांचं वर्णन जवळजवळ नाहीच. लेखिकेला ते टाळता आलं, सिनेमाला येईना. पडद्यावर काहीतरी दाखवणं भागच होतं, आणि या चित्रपटांची सारी करामत तिथूनच सुरू झाली.

ज्ञान डोळ्यांना कसं दाखवायचं?

एडिसनच्या कंपनीने 1910 मध्ये काढलेल्या छोट्याशा मूकपटात राक्षस एका मोठ्या कढईत तयार होतो. त्यासाठी एक पुतळा जाळला आणि ते चित्रण उलटं चालवलं. त्यामुळे जळून गळून पडणारे तुकडे पडद्यावर हाडांवर चढताना दिसतात. युक्ती नामी आहे, पण ती किमयागाराची. त्यात शास्त्रज्ञ अजून दिसत नाही.

तो दिसला जर्मनीत. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ (1927) मध्ये रॉटवांग नावाचा संशोधक धातूच्या यंत्रमानवाला एका तरुणीचं रूप देतो. काचेच्या नळ्या, फेसाळणारी द्रावणं, तारांचं जंजाळ, आणि बसलेल्या यंत्राभोवती वर-खाली सरकणारी प्रकाशाची कडी. ही कडी एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करून मिळवलेली आहेत. हा चित्रपट टिपणाऱ्यांपैकी एक, छायालेखक कार्ल फ्रॉइंड, पुढे अमेरिकेत गेला आणि त्याने 1935 मध्ये ‘मॅड लव्ह’ हा याच जातकुळीतला भयपट दिग्दर्शित केला. जर्मन सिनेमाच्या लांबलचक सावल्या हॉलिवूडमध्ये पोचल्या त्या अशा माणसांबरोबर.

व्हेलच्या बुरुजातली यंत्रं केनेथ स्ट्रिकफाडन या विद्युत-तंत्रज्ञाने जमवली आणि बनवली. टेस्ला कॉइलमधून उडणाऱ्या ठिणग्या खऱ्या होत्या. त्या यंत्रांनी प्रत्यक्षात काहीच साधत नव्हतं, पण ती बघताना प्रचंड शक्ती कुणीतरी मुठीत धरली आहे असं वाटायचं. स्ट्रिकफाडनने हे सामान जपून ठेवलं होतं. मेल ब्रुक्सने 1974 मध्ये ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ हा विनोदी चित्रपट काढला तेव्हा तीच यंत्रं पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली. आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी आहे. 1931 च्या चित्रपटात सुरुवातीची आणि शेवटची श्रेयनामावली सोडली तर पार्श्वसंगीत नाही. त्या रात्री ऐकू येतो तो फक्त पाऊस, गडगडाट, साखळ्या आणि विजेची चरचर. काय वाटून घ्यायचं हे सांगायला व्हायोलिन नसल्यामुळे आपण खुर्चीवरच्या त्या तिघांसारखे श्वास रोखून बसतो.

माझ्या मते या साऱ्या काळातली सर्वांत देखणी युक्ती रूबेन मामूलियनच्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ (1931) मध्ये आहे. सज्जन डॉक्टर जेकिल औषध पितो आणि कुठेही चित्र न तोडता, आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतानाच तो काळवंडतो, रेषा उमटतात, डोळ्यांभोवती खड्डे पडतात. कॅमेरामन कार्ल स्ट्रस याने हे कसं केलं? कृष्णधवल फिल्मला रंग कळत नाहीत, कळतो फक्त उजेड आणि अंधार. फ्रेड्रिक मार्चच्या चेहऱ्यावर लाल रंगाने रेषा काढल्या होत्या. कॅमेऱ्यापुढे लाल फिल्टर असेपर्यंत लाल रेषा आणि त्वचा सारख्याच उजळ दिसतात, म्हणजे रेषा दिसतच नाहीत. लाल फिल्टर हळूहळू सरकवून त्या जागी दुसऱ्या रंगाचा आणला की लाल रंग काळा पडू लागतो. चेहऱ्यावरचा रंग सुरुवातीपासून तिथेच होता, बदलला तो फक्त त्याच्यावरचा पडदा. जेकिलच्या आत हाइड आधीपासून होताच, ही त्या कथेची अवघी मांडणी. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेले मी फार कमी चित्रपटांत बघितले आहेत. या दुहेरी भूमिकेसाठी मार्चला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. भयपटाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

प्रेक्षकांना हे खोटं का वाटलं नाही?

1931 चा प्रेक्षक या गोष्टी परीकथा म्हणून बघत नव्हता. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्या कामामागे होता फ्रिट्झ हाबर, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची रीत शोधून शेतीला खत मिळवून देणारा रसायनशास्त्रज्ञ. एकाच माणसाच्या बुद्धीतून भाकरीही आली आणि विषही. दिग्दर्शक जेम्स व्हेल स्वतः त्या युद्धात ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता आणि 1917 मध्ये जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झाला होता. टाके घातलेले चेहरे, कृत्रिम हातपाय आणि शिवून उभी केलेली माणसं त्याच्या पिढीने रस्त्यावर रोज बघितली होती. टाके घातलेल्या देहाचा राक्षस त्यांना परका वाटण्याचं कारणच नव्हतं.

खऱ्या प्रयोगशाळाही मागे नव्हत्या. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ हा शल्यचिकित्सक तारुण्य परत मिळवून देण्यासाठी श्रीमंत म्हाताऱ्यांच्या शरीरात माकडांच्या ग्रंथींचे तुकडे बसवत होता. 1934 मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॉर्निश याने मारलेल्या कुत्र्यांना पुन्हा जिवंत करण्याचे प्रयोग केले. त्याचीच छाया ‘द मॅन दे कुड नॉट हँग’ (1939) या चित्रपटावर आहे. त्यात कार्लॉफने यांत्रिक हृदय बनवणारा डॉक्टर रंगवला. ऐन प्रयोगात पोलीस येतात, प्रयोगाला स्वतःहून तयार झालेला तरुण टेबलावरच मरतो आणि डॉक्टरला फाशीची शिक्षा होते. पुढे 1953 मध्ये अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र वापरून हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली. ज्या कल्पनेपायी पडद्यावरचा डॉक्टर फासावर गेला, तिच्यासारख्याच यंत्रावर आज ठिकठिकाणची रुग्णालयं रोज भिस्त ठेवतात.

रेडियमचंही तसंच. एके काळी रेडियम घातलेलं पाणी शक्तिवर्धक म्हणून विकलं जायचं. असं पाणी वर्षानुवर्षं पिणारे अमेरिकन उद्योगपती एबेन बायर्स 1932 मध्ये हाडं झिजून मरण पावले. चारच वर्षांनी आलेल्या ‘द इन्व्हिजिबल रे’ मध्ये कार्लॉफचा शास्त्रज्ञ उल्केतून आणलेल्या किरणोत्सारी द्रव्याने अंधारात चमकू लागतो आणि त्याच्या स्पर्शाने माणसं मरतात. पण त्याच किरणांनी तो आपल्या आंधळ्या आईला दृष्टीही देतो. आणि शेवटी दिसू लागलेली ती आईच त्याचं उताऱ्याचं औषध फोडून टाकते. शोधाचा उपकार आणि अपकार एकाच घरात राहतात, हे 1936 सालच्या एका स्वस्तातल्या करमणुकीने किती नेमकं सांगितलं!

उजेडाकडे हात पसरणारा

या चित्रपटांची दुसरी ओढ आहे ती शास्त्रज्ञाने जे निर्माण केलं त्याची. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस पहिल्यांदा आत येतो तो पाठमोरा. हळूहळू वळतो आणि कॅमेरा एकामागून एक तीन झेपांत त्याच्या चेहऱ्याशी भिडतो. रंगभूषाकार जॅक पियर्सचा विचार असा होता, की कवटी उघडून मेंदू बसवणारा शल्यचिकित्सक डोक्याचा वरचा भाग सरळ रेषेत कापेल. म्हणून माथा सपाट. मानेतले खिळे म्हणजे वीज आत घेण्याची टोकं. कार्लॉफच्या सूचनेवरून पापण्यांवर मेण चढवून त्या जड केल्या, त्यामुळे डोळ्यांत अर्धवट झोपेतून उठलेल्या मुलाचा गोंधळ आला.

हेन्री त्याला खुर्चीवर बसवतो आणि छताचा झरोका उघडतो. राक्षसाने याआधी उजेड बघितलेला नाही. तो मान वर करतो, उठतो आणि दोन्ही हात त्या प्रकाशाकडे पसरतो. झरोका बंद होतो, तसे ते रिकामे हात हेन्रीकडे वळतात. त्याला बोलता येत नाही, पण तो काय मागतोय हे समजायला भाषा लागत नाही. मग फ्रिट्झ हा मदतनीस पेटती मशाल घेऊन येतो, राक्षस घाबरतो, आणि त्याला साखळदंडांनी तळघरात जखडलं जातं. भयपटातला राक्षस कसा तयार होतो, याचं इतकं स्वच्छ चित्रण दुसरीकडे शोधून सापडणार नाही.

पुढे तळ्याकाठी मारिया नावाची छोटी मुलगी त्याला फुलं देते. दोघं फुलं पाण्यात सोडतात, ती तरंगतात. फुलं संपतात तेव्हा तो त्या मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो. तीही तरंगेल असं त्याला वाटतं. सेन्सॉरच्या कात्रीने हा क्षण अनेक ठिकाणी उडवला. मग उरलं ते एवढंच: तो मुलीकडे हात नेतो, आणि नंतर बाप तिचं कलेवर हातांवर घेऊन गावात येतो. मधल्या वेळात त्याने काय केलं असेल याची प्रेक्षकांनी जी कल्पना केली, ती मूळ दृश्यापेक्षा कितीतरी भयंकर होती. अजाण पोराचा अपराध कात्रीने नराधमाचा करून टाकला. तो भाग 1980 च्या दशकात परत जोडला गेला.

श्रेयनामावलीत सुरुवातीला राक्षसाच्या नावापुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं. तो रंगवणाऱ्या नटाचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, 1887 चा. त्याच्या घराण्याचे धागे हिंदुस्थानात होते. सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवून पुढे पुस्तकांतून आणि चित्रपटांतून प्रसिद्ध झालेल्या ॲना लिओनोवेन्स या त्याच्या आईच्या मावशी. त्यांचा जन्म 1831 चा, अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. हॉलिवूडच्या सर्वांत प्रसिद्ध राक्षसाचं आजोळ शोधत गेलं तर वाट नगरपर्यंत येते, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही.

चूक नेमकी कुठे झाली?

चित्रपट स्वतःच एक सोपं उत्तर पुढे करतो. फ्रिट्झने चांगल्या मेंदूची बरणी फोडली आणि गुन्हेगाराचा मेंदू आणला, म्हणून हे सारं झालं. मेरी शेलीच्या कादंबरीत हा मेंदूचा घोटाळा नाही, आणि झरोक्याखालचं ते दृश्य बघितल्यावर तो पटतही नाही. उजेडाकडे हात पसरणाऱ्यात जन्मजात दुष्टपणा कुठे दिसतो? दोष प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. हेन्रीला निर्माण करायचं होतं, सांभाळायचं नव्हतं.

आपल्या पुराणातला विश्वामित्र त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी उभी करतो. देव धावत येतात, वाद होतो, तडजोड होते, आणि विश्वामित्र त्रिशंकूला वाऱ्यावर सोडत नाही, त्याची आकाशात जागा ठरवूनच थांबतो. त्याच्या हट्टाला साक्षीदार होते, आणि ज्याच्यासाठी हट्ट केला त्याची जबाबदारीही त्याने घेतली. माथेफिरू शास्त्रज्ञाकडे या दोन्हींची वानवा असते.

बंद दार हे त्याचंच लक्षण. ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (1933) मध्ये क्लॉड रेन्सचा ग्रिफिन खेड्यातल्या खानावळीत खोली घेऊन स्वतःला कोंडून घेतो आणि मालकीण आत डोकावली की खवळतो. ‘द फ्लाय’ (1958) मधला आंद्रे याहून करुण. मॉन्ट्रियलमधल्या घराच्या तळघरात त्याने वस्तू एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पाठवणारं यंत्र बनवलंय. स्वतःवर प्रयोग करताना पेटीत एक माशी शिरते, दोघांचे देह मिसळतात आणि त्याची वाचा जाते. दाराआडून तो बायकोला टाइप केलेल्या चिठ्ठ्या देतो: ती माशी शोध. आपलं काम लोकांच्या भल्याचं आहे यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. मेट्रोपोलिसच्या रॉटवांगला गमावलेली प्रिया परत हवी होती. फ्रान्समधल्या ‘आइज विदाउट अ फेस’ (1960) मधला शल्यचिकित्सक अपघातात विद्रूप झालेल्या मुलीला नवा चेहरा मिळावा म्हणून दुसऱ्या मुलींचे चेहरे उतरवतो. प्रेम, दुःख, कुतूहल ही सगळी आपल्या ओळखीची माणुसकीची कारणं आहेत. म्हणून आपण मनातून त्यांच्या बाजूचे असतो, प्रयोग यशस्वी व्हावा असं आपल्यालाही वाटतं, आणि पुढे जे होतं त्याची जबाबदारी थोडी आपल्याही अंगाला चिकटते. ही अस्वस्थता विकत घ्यायलाच आपण पुन्हा पुन्हा तिकीट काढतो.

एकट्या माणसाकडून मोठ्या यंत्रणेकडे

1945 नंतर चित्र पालटलं. अणुबाँब बनवायला लाखाहून अधिक माणसं, गुप्त शहरं आणि सरकारी तिजोरी लागली. पडक्या बुरुजातल्या एकट्या माणसाची भीती त्यापुढे फिकी पडली. 1954 मध्ये जपानच्या ‘गोजिरा’ने, म्हणजे मूळ गॉडझिलाने, या परंपरेला मोठं उत्तर दिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. चित्रपटातल्या डॉक्टर सेरिझावाकडे गॉडझिलाला मारू शकेल असं अस्त्र आहे, पण ते सत्ताधाऱ्यांच्या हाती पडलं तर काय होईल हे तो जाणतो. तो आपले कागद जाळतो, अस्त्र घेऊन स्वतः समुद्रात उतरतो आणि ते ज्ञान आपल्याबरोबर संपवतो. काळ्या पट्टीने एक डोळा झाकलेला, तळघरात एकटाच राबणारा हा माणूस दिसतो माथेफिरू शास्त्रज्ञासारखाच, पण पुढचा विचार करणारा त्या परंपरेतला तो विरळा.

खऱ्या विज्ञानानेही दोन्ही वाटा चालून बघितल्या आहेत. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ हादरले, कारण काम गुपचूप उरकलेलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांना तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. उलट त्याआधी, एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडण्याचं तंत्र नवं असताना, शास्त्रज्ञांनी असे काही प्रयोग आपणहून थांबवले. 1975 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला ते एकत्र बसले, वकिलांना आणि पत्रकारांनाही बोलावलं, आणि काय करायचं, काय नाही याचे नियम आखले. संशोधन थांबलं नाही. आज मधुमेहींना मिळणारं इन्सुलिन त्याच तंत्रातून बनतं.

म्हणून हे जुने चित्रपट मी विज्ञानाच्या विरोधातले मानत नाही. त्यांच्याइतकं जिज्ञासेवर प्रेम केलेला भयपट नंतर क्वचितच झाला. घरात विज्ञानात रमणारी दहावी-बारावीची मुलं असतील तर त्यांच्याबरोबर आधी ‘फ्रँकेन्स्टाइन’, मग मामूलियनचा ‘जेकिल’ आणि शेवटी मूळ ‘गोजिरा’ अशा क्रमाने बघा. भीती किती वाटली हे विचारू नका. प्रयोग यशस्वी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय केलं असतंस, आणि सर्वांत आधी कोणाला बोलावून सांगितलं असतंस, हे विचारा. पाठ्यपुस्तकं ज्याला हात लावत नाहीत असा हा प्रश्न आहे, आणि उद्या प्रयोगशाळेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने त्याचं उत्तर तयार ठेवायला हवं.